ट्विला आधी भांडी घासते

ट्विला होसॅकला ओळखत नाही असा माणूस आमच्या सॉरेल रिजमध्ये सापडायचा नाही, आणि तिला थोडा वचकून नसलेलाही सापडायचा नाही. निम्म्या गावाने शाळेत तिच्या हातचं खाल्लंय. ताटात वाटाणे उरलेले दिसले की ती त्या मुलाच्या मागे जाऊन उभी राहायची. रागवायची नाही, बोलायची नाही, नुसती उभी राहायची. ती मुलं आता बापे झाली, कोणाकोणाला टक्कल पडलं, पण दुकानाच्या रांगेत मागे ट्विला आहे हे कळलं की अजूनही त्यांची पाठ ताठ होते.

मी लोवेल टिपेट. माझं खिळ्यांचं, नळांचं आणि कुलपांचं दुकान होतं. शहराच्या रस्त्यावर मोठं दुकान झालं आणि माझं बसलं. ट्विला आणि मी एका वर्गात होतो, त्यामुळे ती मला बोलते ते जुन्या हक्काने. गेली बरीच वर्षं आम्ही दोघं मिळून एक काम करतो. ते काम असं आहे की चारचौघांत त्याबद्दल कोणी विचारत नाही.

आमच्या ओहायो राज्यात ही जुनीच रीत आहे. सैन्यात नोकरी केलेला माणूस गेला आणि त्याला नीट पुरण्याइतकंही मागे काही नसलं, तर तो खर्च सरकार उचलतं. पण खरंच काही नव्हतं का, हे बघायला प्रत्येक पंचक्रोशीत दोन माणसं नेमलेली असतात. त्यांनी मयताच्या घरी जायचं, शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारायचं आणि दोघांनी सही करून जिल्ह्याच्या कचेरीला कळवायचं. मला हे काम मिळालं, कारण मी सैन्यात असताना बटाटे सोलले होते आणि ज्या सभेत नेमणूक झाली त्या सभेत वेळेवर नाही म्हणायचं माझ्या लक्षात आलं नाही. ट्विलाने मात्र ते मागून घेतलं. माझ्याबरोबरचा आधीचा म्हातारा गुडघ्यांमुळे थकला, तेव्हा ती सभेत उठून म्हणाली, तुम्हा बाप्यांना दुसऱ्याच्या घरातली कपाटं उघडता येतात, पण घरात शिरायचं कसं ते येत नाही.

आम्ही पहिल्यांदा बरोबर गेलो ते हार्लन क्रोच्या घरी. ओढ्याकाठी पत्र्याचं चाकांवरचं घर, दारात दोन मोडक्या गाड्या, आत सिगारेटचा वास. सिंकमध्ये आठवडाभराची भांडी. मी खिशातून पेन काढलं. ट्विलाने कोट काढला, बाह्या सरसावल्या आणि गरम पाण्याचा नळ सोडला.

मी म्हणालो, "ट्विला, आपण बघायला आलोय. साफसफाईला नाही."

"बघ की. पण भांडी घासून झाल्यावर बघ. खरकटं बघितलं की माणूस म्हणतो, असाच होता, म्हणून असा मेला. तुझ्या तोंडावर आत्ताच ते दिसतंय."

माझ्या तोंडावर ते होतंच. मी पेन खिशात ठेवलं.

शेजारची बाई दारात येऊन उभी होती, आतबाहेर करत. ट्विलाने तिला काही विचारलं नाही. पुसायचं फडकं तिच्या हातात दिलं आणि एक ओली बशी पुढे केली. बाई पुसायला लागली आणि बोलायला लागली. हार्लनची नोकरी कशी गेली, बहिणीला तो दर महिन्याला काय पाठवायचा, ट्रकचं इंजिन कसं विकलं, कुत्र्याला आधी खायला घालून मग स्वतः कसा खायचा. शेवटची बशी पुसून होईपर्यंत आम्हाला जे हवं होतं ते सगळं कळलं होतं, आणि जे नको होतं तेही. घरी येताना मी विचारलं, हे तुला कोणी शिकवलं? ती म्हणाली, शाळेच्या स्वयंपाकघरात कोणाला विचारून कधी काही कळलं नाही, हातात फडकं दिलं की सगळं कळायचं. कोणाच्या घरी बाप मारतो, कोण उपाशी येतो, सगळं.

तेव्हापासून आमची हीच पद्धत झाली. ट्विला आधी भांडी घासते, मग मी पेन काढतो. भांडी स्वच्छ असली तरी ती एखादी कपबशी काढून विसळते. मी एकदा थट्टा केली की कचेरीने तुझ्या साबणाचे पैसे वेगळे द्यायला हवेत. तिने मला अख्ख्या रस्त्यात एक शब्द बोलू दिला नाही.

सरकारी कागदात एक वाक्य आहे, ते तिला फार आवडतं. अशा माणसाला बेवारशांच्या कोपऱ्यात पुरायचं नाही, सगळ्यांच्या ओळीत पुरायचं. ती ते चर्चमध्ये वचन म्हणावं तसं म्हणते. पुरून झालं की चर्चच्या तळघरात जेवण असतं. ज्याला माणसं आहेत त्याच्यासाठी गाव आणतं. ज्याला कोणी नाही त्याच्यासाठी ट्विला आणते. डुकराचं भाजलेलं हॅम, चीज घातलेले बटाटे, मक्याचा पाव. कित्येकदा जेवायला ती, मी, पाद्री आणि खड्डा खणणारा एवढेच असायचो, तरी हॅम अख्खं असायचं. मागच्या दोन वेळा तिने बीन्सचं सूप आणलं. म्हणाली, म्हाताऱ्यांना हॅम खारट होतं. आम्ही सगळेच म्हातारे, मला ते पटलं.

तिचा नवरा व्हर्लिन. तिच्या अगदी उलट. ती दहा वाक्यं बोलेल तेव्हा तो एक हुंकार देणार. आरमारात जहाजाच्या पोटात, बॉयलरच्या खोलीत होता. तरुणपणी तिथे आग लागली. खोलीतली बाकीची पोरं गेली, हा वर आला. याबद्दल तो कधीच बोलला नाही, पण बोलायची गरजही नव्हती. वाढदिवसाच्या केकवर मेणबत्त्या लागल्या की व्हर्लिन बाहेर ओसरीवर जायचा आणि विझल्या की आत येऊन केक खायचा. वाढदिवसाला आलेली पोरं आधीपासूनच त्याच्यासाठी दार उघडून धरायची. शरद ऋतूत गावात पानांचे ढीग पेटवतात, त्या दिवसांत तो बाहेर पडायचा नाही.

आमच्या टेकडीवर घराघरात लाकडाच्या शेगड्या आहेत. होसॅकांच्या घरात नाही. त्यांच्या धुराड्यातून लग्नानंतर कधी धूर निघाला नाही. हिवाळाभर विजेचे हीटर, आणि आमच्या इथला हिवाळा थोडाथोडका नसतो. त्याची छाती बिघडल्यावर तर खोल्या रात्रंदिवस गरम ठेवाव्या लागायच्या. विजेचं बिल किती येतं हे कोणी तिला विचारलं नाही. इस्त्री केलेला कोट घालून दुसऱ्यांच्या मयताला हॅम घेऊन जाणाऱ्या बाईला असं कोण विचारतं?

आणि व्हर्लिनचं एकच मागणं होतं. माझ्यादेखत त्याने ते केलं होतं, ओसरीवर, आतून मेणबत्त्यांचा उजेड येत असताना. "ट्विला, मला जाळू नको. आईच्या कबरीशेजारी टेकडीवर ठेव. बाकी तुला हवं ते कर." ती म्हणाली होती, तुला जाळायला एवढा वेळ कोणाला आहे, आत ये, केक संपतोय. पण तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला होता आणि तो बराच वेळ काढला नव्हता.

फेब्रुवारीत व्हर्लिन गेला. सकाळी ओटमीलची लापशी खाल्ली, खुर्चीत बसला आणि तिथेच गेला.

दुसऱ्या दिवशीपासून गाव जेवण घेऊन तिच्याकडे जाऊ लागलं. आमच्याकडे भांड्याच्या तळाला चिकटपट्टी लावून त्यावर आपलं नाव लिहितात, म्हणजे भांडं घरी परत येतं. साधारण ते महिन्याभराने येतं, कधी येतच नाही. ट्विलाने प्रत्येकाचं भांडं दुसऱ्याच दिवशी परत केलं, घासूनपुसून, लखलखीत. लोक म्हणाले, काय बाई आहे. मला ते बरं वाटलं नाही. दुःखात असलेल्या घरी दुसऱ्यांची भांडी पडून राहिली पाहिजेत.

बुधवारी मला केर्नचा फोन आला. गावातल्या मयतांची सगळी व्यवस्था तो बघतो, आधी त्याचा बाप बघायचा. तोही ट्विलाच्या वाटाण्यांवर वाढलेला. आवाज खाली करून म्हणाला, "लोवेलकाका, ट्विलाबाईंनी दहन सांगितलंय. शुक्रवारी शहरात न्यायचं आहे."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. व्हर्लिनचं दहन?

केर्न म्हणाला, त्यालाही तसंच वाटलं. दहन स्वस्त पडतं, पेटी नको, खड्डा नको, म्हणून हल्ली बरेच जण तेच करतात. त्याने तिला सांगून बघितलं की पैसे नंतर द्या, जमेल तसे द्या, नाही दिले तरी चालेल. तर ती म्हणाली, तुझा बाप कोणाला फुकट पुरत नव्हता, तू सुरुवात माझ्यापासून करू नको. सैनिकांची सरकारी दफनभूमी आहे, तिथे जागा फुकट मिळते, हेही त्याने सुचवलं. पण ती दोन जिल्हे पलीकडे, तिथे आई नाही, आणि पेटीचा आणि नेण्याचा खर्च तरी उरतोच. ती म्हणाली, माझ्याकडे आहे तेवढ्यात जे होईल ते कर. मग केर्न म्हणाला, "काका, त्यांच्याकडे फारसं काही नाही. मला वाटतं काहीच नाही."

मी कचेरीला एक फोन केला आणि गाडी काढून तडक तिच्याकडे गेलो. ती ओसरीवर आली आणि दार मागे ओढून घेतलं. दाराच्या काचेतून स्वयंपाकघर दिसत होतं. ओटा रिकामा, सिंक रिकामं, नळसुद्धा चमकत होता. खुर्च्या टेबलाला चिकटवून ठेवलेल्या. घासायच्या निमित्ताने कोणी आत शिरावं, अशी एक बशीसुद्धा तिने बाहेर ठेवली नव्हती.

मी म्हणालो, व्हर्लिन आरमारात होता. राज्याची मदत त्याच्यासाठीच आहे. तू मला हे सांगायला हवं होतंस.

"मला नियम शिकवू नको, लोवेल. दोन सह्या लागतात. त्यातली एक माझी. मी माझ्याच नवऱ्याच्या नावाखाली लिहू, की हा कंगाल मेला?"

"तुझी सही लागणार नाही. पलीकडच्या पंचक्रोशीत नेमलेला माणूस येऊन करू शकतो. मी कचेरीला विचारलंय."

"पलीकडचा म्हणजे एमेट सोवर्ड्स. त्या तोंडाळाला मी माझ्या घरात फिरू देईन? रविवारपर्यंत माझी उशीची खोळ कुठे फाटलीय ते तीन चर्चमध्ये कळेल."

हे खरं होतं. एमेट वाईट माणूस नाही, पण त्याच्या पोटात पाणीसुद्धा राहत नाही.

मी समजावून बघितलं. मी म्हणालो, किती घरांत आपण दोघं गेलो, कधी कोणाला कमी लेखलं का? ती म्हणाली, "नाही. म्हणूनच जात होते. आता लोक माझ्या घरात येणार. दारात उभं राहून, हे एवढंच होतं का, असं तोंड करून. ते तोंड मला माहितीये, लोवेल. मी तुझं बघितलंय."

यावर गप्प बसायला हवं होतं. पण मला राग आला होता. तिच्यावर कमी आणि व्हर्लिनसाठी जास्त. मी म्हणालो, "तो मेणबत्तीसमोर उभा राहत नव्हता, ट्विला. आणि तू त्याला भट्टीत घालतेयस. कशासाठी? तर एमेटने तुझी खोळ बघू नये म्हणून."

तिने माझ्याकडे पाहिलं. ज्या नजरेने ती वाटाण्यांकडे बघायची, ती ही नजर नव्हती. त्या नजरेत नुसता थकवा होता. ती आत गेली आणि दार लावलं, आवाज न करता. तिने ते आपटलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

मी गाडीत जाऊन बसलो. तिच्या धुराड्याकडे बघत होतो. सगळ्या टेकडीवर धूर आणि हे एकटं कोरडं. तेव्हा मला लख्ख कळलं की तिचा पैसा कुठे गेला. आयुष्यभर तिने त्याला आगीपासून लांब ठेवलं होतं. त्यात सगळं संपलं, आणि आता शेवटच्या वेळी त्याला आगीपासून लांब ठेवायलाच पैसे उरले नव्हते. माझे डोळे भरून आले. मी म्हातारा आहे, मला ते सांगायची लाज वाटत नाही.

मी एमेट सोवर्ड्सकडे गेलो. त्याला म्हणालो, उद्या दिवसभर मोकळा राहा, कदाचित लागशील, कदाचित नाही. आणि लागलास तर तिथे जे बघशील ते बाहेर आलं, तर मी तुझ्याशी पुन्हा बोलणार नाही. एमेट नेहमी हसतो, तो हसला नाही. म्हणाला, व्हर्लिनने एकदा एमेटच्या भावाला ओढ्यातून बाहेर काढलं होतं, हे कोणाला माहीत नाही. मला तरी माहीत नव्हतं. एमेटच्या पोटात काही राहतं, हेही मला तेव्हाच कळलं.

गुरुवारी सकाळी फोन वाजला. ट्विला. नमस्कार नाही, काही नाही.

"स्वयंपाकघरातला नळ गळतोय. येऊन बघ."

ट्विलाच्या घरातला नळ मी कधीच दुरुस्त केलेला नाही. माझ्या दुकानातून वायसर न्यायची आणि स्वतः बसवायची, वर माझा वायसर कसा हलका आहे ते सांगायची. तरी मी पाने, पक्कड सगळं घेतलं, वाटेत एमेटला उचललं आणि त्याला गाडीतच बसायला सांगितलं.

दार उघडंच होतं. मी टोपी काढून आत गेलो. ती टेबलापाशी उभी होती, घरातल्या साध्या झग्यात. इस्त्रीचा कोट कुठे दिसत नव्हता. खिडकीपाशी व्हर्लिनची खुर्ची, तिच्यावर त्याचं घोंगडं. हीटर बंद होते आणि घर गार पडलं होतं.

मी नळाकडे गेलो. नळ कोरडा होता. गळत नव्हता.

सिंकमध्ये एक वाडगा होता, एक चमचा आणि एक कप. वाडग्यात ओटमील वाळून दगडासारखं झालं होतं. एका कडेला चमच्याने ओरबाडलेलं दिसत होतं, तिथवर त्याने खाल्लं असणार. काल हे सिंक रिकामं होतं, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. गावभरच्या भांड्यांच्या तळाच्या चिकटपट्ट्यासुद्धा पुसणाऱ्या बाईने हा एक वाडगा इतके दिवस न धुता कुठेतरी ठेवून दिला होता. आणि आज बाहेर काढून इथे ठेवला होता.

मी तिच्याकडे पाहिलं. ती खिडकीबाहेर बघत होती.

मी पाने-पकडी खाली ठेवल्या. कोट काढला. बाह्या सरसावल्या. गरम पाणी सोडलं आणि ते वाफाळेपर्यंत थांबलो, कारण ती तशीच थांबायची. वाळलेलं ओटमील सहजासहजी निघत नाही. मी वाडगा पाण्यात ठेवला आणि आधी कप घासला. कडेला त्याच्या ओठांचा कॉफीचा डाग होता. मी तो हळूच घासला. माझ्या कामात मी इतका हळू कधी नव्हतो.

मागे ड्रॉवर उघडल्याचा आवाज आला. ट्विला माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. तिच्या हातात फडकं होतं.

मी कप पुढे केला. तिने घेतला आणि पुसायला लागली.

मी काही विचारलं नाही. पहिल्यांदा तिने विजेबद्दल सांगितलं. मग छातीच्या औषधांबद्दल, आणि घर कसं दुसऱ्यांदा गहाण पडलं त्याबद्दल. आईचा पियानो तिने विकला होता आणि गावाला सांगितलं होतं की भाचीला दिला. हॅमऐवजी सूप का आणलं तेही सांगितलं. ती रडत नव्हती. एका सुरात बोलत होती आणि तो कप कधीच कोरडा झाला होता, तरी पुसत होती. मी वाडगा घासत राहिलो. ओटमील कडेने सुटायला लागलं.

वाडगा स्वच्छ झाला तेव्हा मी तो तिच्या हातात दिला. तिने तो दोन्ही हातांत धरला. मग ती म्हणाली,

"त्याला जाळू देऊ नको, लोवेल. मी त्याला शब्द दिला होता."

"नाही जाळत. टेकडीवर जाईल. आईशेजारी. सगळ्यांच्या ओळीत."

मी केर्नला फोन लावला आणि उद्याचं रद्द करायला सांगितलं. तिकडून नुसता श्वास सोडल्याचं ऐकू आलं. तोवर ट्विलाने वाडगा पुसून फळीवर ठेवला होता, त्याच्या नेहमीच्या जागी. घासलेला चमचा अजून ओट्यावर ओला पडला होता. तिने खिडकीतून माझ्या गाडीकडे पाहिलं. एमेट आत बसून हातांवर फुंकर घालत होता. बाहेर बर्फ भुरभुरत होता.

"त्याला किती वेळ थंडीत बसवणार आहेस?" ती म्हणाली. "आत बोलाव. चमचा पुसायचा राहिलाय. दुसरं फडकं वरच्या ड्रॉवरमध्ये आहे."